पटलेबाबूंचा सातवा खण

पटलेबाबू गेले त्याला एकवीस दिवस झाले होते, आणि माझ्या फोनवर निरोप आला : ‘हिरालाल पटले, आपली वार्षिक तपासणी बाकी आहे. कृपया नजीकच्या केंद्रात उपस्थित राहावे.’ मी गोंदियाच्या बाजारात भाजी घेत उभी होते. ते गेल्याचं त्यांच्या मुलीनं, नलिनीनं, ते गेले त्याच सकाळी फोन करून सांगितलं होतं. “मॅडम, बाबा गेले... चहा घेतला, पेपर मागतला, अन् मी पेपर घेऊन येवस्तोर...” मी कामठ्याजवळच्या त्यांच्या गावी जाऊन त्यांना शेवटचं पाहूनही आले होते. पण आमच्या खात्याच्या त्या संगणकाला हे कोण सांगणार? त्यांची नोंद करताना मोबाइल नंबरच्या रकान्यात त्यांनी माझाच नंबर लिहायला लावला होता. “माया फोन घरीच राह्यते मॅडम, तुमचा त् हातात राह्यते.” आता त्यांच्या नावापुढं ‘मृत’ लिहायचं तर त्याच नंबरावर ओटीपी येतो आणि तो भरावा लागतो. म्हणजे ते गेले हे त्यांच्या वतीनं मीच कबूल करायचं. मी ओटीपी मागवला, तो आला, आणि मी तो भरला नाही. “दीदी, टमाटर लेना है कि नहीं?” भाजीवालीनं विचारलं. घेतले.

मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ, म्हणजे लोकांची रक्तं तपासणारी बाई. आता बदलीनं गोंदियाला असते, पण नोकरीची चौदा वर्षं जिल्ह्याच्या जंगलाकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात काढली. त्या गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात गावाचा काही दोष नव्हता. पहिल्या दिवशी मी रुजू व्हायला गेले तेव्हा माझ्या प्रयोगशाळेच्या दारातच एक भलंमोठं सागवानी कपाट होतं आणि त्यापुढं स्टुलावर एक किडकिडीत माणूस बसला होता. पांढरा शर्ट, खिशाला निळ्या शाईचं पेन, पायात रबरी चप्पल. मी म्हटलं, हे कपाट जरा बाजूला सरकवता येईल का? त्यांनी मला नीट न्याहाळलं. “आपन सरकू शकतो मॅडम, कपाट नाई सरकत,” असं म्हणून ते स्वतः स्टूल घेऊन भिंतीला चिकटले आणि मला वाट करून दिली. रुग्णालयाचे कारकून पटलेबाबू आणि मी, आमची ओळख ही अशी झाली.

त्या कपाटात सिकलसेलची कार्डं होती. आमच्या भागात हा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आहे. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, मग अंग ठणकतं, ताप येतो, आणि वेळीच कळलं नाही तर जिवावर बेततं. आजार असलेल्या माणसाला लाल कार्ड. ज्याच्या अंगात आजार नाही, पण मुलांकडं जाऊ शकतो, त्याला पिवळं. पटलेबाबूंचं स्वतःचं पिवळं होतं. कपाटाला चोवीस खण होते आणि ते अकारविल्हे नव्हते, हा मला बसलेला पहिला धक्का. रुग्णालयासमोरून कोहमाऱ्याकडं जाणारी एसटी ज्या गावांवरून जाते, त्या ओळीनं खण लावलेले होते. पहिला खण पहिल्या थांब्याचा, दुसरा दुसऱ्याचा. एसटी जात नाही अशी जंगलातली गावं शेवटच्या खणांत. खणाच्या आत टोले, म्हणजे गावाच्या वाड्या, टोल्याच्या आत घरं, आणि घरावर खूण : ‘बोडीजवळचं’ (म्हणजे तळ्याजवळचं), ‘मोहाखालचं’, ‘पडक्या विहिरीचं’. नवीन माणसाला त्यात काही म्हणजे काही सापडायचं नाही. पटलेबाबूंना मात्र पेशंटनं गाव सांगायच्या आत कार्ड हाताला लागायचं. पावसाळ्यात लाकूड फुगून खण अडकत. मग ते खालून अंगठ्यानं जरासं उचलत आणि तळहातानं ढकलत. मला ते कधी जमलं नाही. मी ओढत बसे आणि ते शांतपणे बघत राहत.

पण खरी गंमत लग्नसराईत असे. मार्गशीर्षापासूनच त्यांच्या टेबलावर पत्रिकांचा ढीग लागायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हा माणूस एकच विचारायचा, “तुमच्या टोल्यात औंदा कोनाच्या पोरीचं हाये जी?” लग्न लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते कपाट उघडत, त्या मुलीचं कार्ड माहेरच्या खणातून काढत आणि सासरच्या गावाच्या खणात, सासरच्या घराच्या जागी नेऊन ठेवत. माहेरच्या जागी एक चिठ्ठी राही : ‘गेली’, आणि पुढं गाव, टोला, सासऱ्याचं नाव. गाव आमच्या हद्दीबाहेरचं असलं, आमगावकडचं किंवा पार बालाघाटकडचं, तर कार्डाची नक्कल करून तिथल्या दवाखान्याला टपालानं पाठवत. याला ते ‘बिदाई’ म्हणत. “आज तीन बिदाया हायेत मॅडम,” असं गंभीर तोंडानं सांगत. आम्ही सगळ्यांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. मी एकदा म्हटलं, बाबू, कार्डाची ओटी भरता की नाही? ते म्हणाले, “ओटी मानसाची भरतेत. कार्डाले फक्त पत्ता पायजे.” साक्षगंधाच्या आधी कुणी समोरच्या घरचं कार्ड दाखवा म्हणून आलं तर मात्र ते उठून उभे राहायचे. “दोघंबी या. ज्याचं त्यानं आपल्या हातानं काढून दाखवावं. मी नाई दाखवत.” आमदाराची चिठ्ठी आणली तरी नाही.

हे सगळं मी आज इतक्या मायेनं लिहिते आहे, पण तेव्हा मला त्या कपाटाचा भारी वैताग होता. पटलेबाबू रजेवर गेले की रुग्णालय आंधळं व्हायचं. वरून माहिती मागितली, ‘लाल किती, पिवळे किती, गरोदर किती’, की ते स्टुलावर बसून बोटांवर मोजायला लागायचे. त्यामुळं संगणकाची नवी प्रणाली येणार, सगळी कार्डं त्यात जाणार, असं पत्र आलं तेव्हा सर्वांत जास्त आनंद मला झाला. गोंदियाला दीड दिवसाचं प्रशिक्षण झालं. त्यातला अर्धा दिवस वीज नव्हती. मला या कामाची रुग्णालयाची नोडल अधिकारी नेमलं. मुदत दिली महिन्याभराची. कुणी आमच्या गावी येऊन कपाट पाहिलं नाही की विचारलं नाही, तुम्ही आजवर हे काम कसं करत होता. मीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटतच नव्हतं.

पडद्यावर गावाचा रकाना होता, टोल्याचा नव्हता. सध्याचा पत्ता होता, माहेर नव्हतं. आणि मोबाइल नंबरच्या रकान्यापुढं लाल चांदणी होती. तो भरल्याशिवाय पान पुढं सरकत नव्हतं. आता जंगलातल्या टोल्यांत फोन कुणाकडं होते? ज्यांच्याकडं होते त्यांना रेंज नव्हती. मी प्रशिक्षकाला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, मँडेटरी है, कोई भी चालू नंबर डाल दो, एंट्री हो जायेगी.” मग वच्छलाबाई, मोहटोल्याची आशाताई, धावून आली. आपल्या माणसांचं काम अडू नये म्हणून तिनं भाबडेपणानं स्वतःचा नंबर दिला, आणि मी अख्ख्या मोहटोल्याला तोच नंबर लावला. तिचं पाहून बाकीच्या टोल्यांतूनही कुणी आशाताईचा, कुणी सरपंचाचा, कुणी ट्रॅक्टरवाल्याचा नंबर दिला. पटलेबाबू माझ्या मागं उभं राहून बघत होते. “मॅडम, एका नंबरात अख्खा टोला कसा मावन?” त्यांनी विचारलं. मला मुदत दिसत होती. मी न वळताच म्हटलं, “बाबू, तुमच्या आठवणीवर रुग्णालय चालत नसतं.” ते स्टूल उचलून पलीकडं गेले.

महिना संपला. मी प्रमाणपत्रावर सही केली : ‘सर्व नोंदी पूर्ण करण्यात आल्या असून जुनी पद्धत बंद करण्यात आली आहे.’ जिल्ह्यात पहिल्या तिघांत आमचं रुग्णालय आलं. गोंदियाला पुष्पगुच्छ मिळाला, फोटो निघाला. तो अजून माझ्या कपाटात कुठंतरी असेल. पटलेबाबूंना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. सागवानी कपाट चार माणसांनी मोडक्या खाटांच्या भांडारात नेऊन टाकलं आणि किल्ली भांडारपालाच्या खिळ्याला गेली. त्याच उन्हाळ्यात ते एकदा पत्रिका घेऊन माझ्याकडं आले. “मॅडम, चार-पाच पोरी बिदा व्हाच्या हायेत. दोन घंट्यासाठी भांडाराची किल्ली सांगता का?” मी म्हटलं, बाबू, आता ते काम सिस्टीम करेल. त्यांनी पत्रिका घडी करून खिशात ठेवल्या. खरं म्हणजे सिस्टीममध्ये ते काम करायला जागाच नव्हती, आणि हे मला माहीत होतं.

सुरुवातीला जे घडलं त्यावर आम्ही हसलोच. वच्छलाबाईच्या फोनवर एका दिवसात साठ-साठ निरोप येऊ लागले. बिनलग्नाच्या ट्रॅक्टरवाल्याला ‘आपल्या बाळाच्या लसीची तारीख’ कळवली गेली आणि त्याला गावात तोंड दाखवणं मुश्कील झालं. सर्व्हर बंद असला की आम्ही पुन्हा चिठ्ठ्यांवर लिहायचो आणि संध्याकाळी त्या भरायचो. जे काम पूर्वी एक माणूस करायचा ते आता तिघं दोनदा करत होतो. एक गोष्ट मात्र आमच्या लक्षात आली नाही. एका नंबरावर एकाच नावाची दोन माणसं दिसली की ती एकच समजून प्रणाली दोन नोंदींची एक करत होती. दोन्हींतली जी आधी भरलेली, ती राही. दुसरी गुपचूप पुसली जाई. मोहटोल्यात सरिता मडावी नावाच्या दोन मुली होत्या, घरं वेगळी, वयात वर्षाचं अंतर. एकीचं रक्त निर्दोष होतं. दुसरीचं कार्ड लाल होतं.

रोवणीचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्या ओपीडीत सगळ्याच बायका अंग दुखतं म्हणून येतात. दिवसभर चिखलात वाकून भाताची रोपं लावल्यावर दुसरं काय होणार? सरिता अशीच आली, सासूबरोबर. सातवा महिना, अंग ठणकत होतं, थोडा ताप. आदल्या उन्हाळ्यात बाबू ज्यांच्या पत्रिका घेऊन आले होते, त्या पोरींतली ही एक. लग्नाला वर्ष होऊन गेलेलं. तिच्या पदराच्या गाठीला वच्छलाबाईनं लिहून दिलेल्या नंबराची चिठ्ठी होती. डॉक्टर नवे होते, त्यांनी आतून विचारलं, “मॅडम, सिकलिंग?” मी नंबर टाकला. ‘सरिता मडावी, मोहटोला : नॉर्मल.’ मी तिथूनच ओरडून सांगितलं, “नॉर्मल!” पुन्हा तपासायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही... पण किट मोजक्या होत्या, बाहेर रांग होती, आणि नोंद मीच केलेली होती. सरिता म्हणाली होती, “मॅडम, लहानपनी मले लाल कागद भेटला होता.” मी म्हटलं, पोरी, आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. तिला गोळ्या देऊन घरी पाठवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिला खाटेवर घालून आणलं. श्वास लागला होता, डोळे पिवळे पडले होते. दारात सासू कपाळाला हात लावून बसली होती. पटलेबाबू टपालाचं रजिस्टर घेऊन तिथून चालले होते, थांबून त्यांनी विचारलं, “सुनेचं मायेर कोनतं बाई?” ती म्हणाली, मोहटोला. “नाव?” सरिता. “मोहाखालची का बोडीजवळची?” सासू म्हणाली, “बोडीजवळची जी.” रजिस्टर तिथंच बाकावर टाकून तो साठीला टेकलेला माणूस भांडाराकडं धावला. भांडारपाल रजेवर होता. किल्ली सापडेना. अर्धा-पाऊण तास गेला. शेवटी त्यांनी शिपायाकडून कडी उचकटून घेतली, मोडक्या खाटांवरून चढून आत गेले आणि कार्ड घेऊन आले. शर्ट धुळीनं भरलेला, कोपर खरचटलेलं. लाल कार्ड त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. माझ्याकडं पाहिलंही नाही. मी ते उचलून डॉक्टरांकडं धावले.

गाडी करून तिला गोंदियाला हलवलं. सरिता वाचली. बाळ गेलं... मुलगा होता.

चौकशी झाली, पण ती कागदावरचीच. ‘तांत्रिक त्रुटी’ असा शेरा पडला. तंत्राला काही तोंड नसतं, त्यामुळं त्याच्यावर ढकलणं सोपं. माझा जबाब घेतला. मी जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं. पटलेबाबूंनी आपल्या जबाबात दोन ओळी लिहिल्या : ‘कपाट भांडारात होते. किल्ली मिळण्यास वेळ लागला.’ माझा उल्लेख नाही, किल्ली मागायला आले होते ते नाही, आठवणीवर रुग्णालय चालत नसतं हे नाही. मी वाट बघत होते की ते मला काहीतरी बोलतील. एकदा तरी फाडकन बोलावं, म्हणजे मला रडता तरी येईल. ते बोलले नाहीत, आणि मीही मूग गिळून गप्प राहिले. सरिताच्या सासरच्यांना कुणी काही सांगितलंच नाही. त्यांनी नशिबाला बोल लावला आणि ते रोवणीला लागले.

पंधरा दिवसांनी मी माणसं लावून कपाट परत माझ्या दारात आणवलं. कुणाची परवानगी घेतली नाही. माझ्या आयुष्यातला कार्यालयीन शिस्तीचा तो एकमेव भंग. पटलेबाबूंनी ओल्या फडक्यानं ते पुसलं, एकेक खण काढून उन्हात ठेवला, आणि मग म्हणाले, “चाय सांगू का मॅडम?” पुढचं वर्षभर रोज दुपारी आम्ही दोघं बसलो. मी पडद्यावरची नावं वाचायची, त्यांनी कार्ड काढायचं. तेरा जागी दोन माणसांची एक झालेली सापडली. माहेरचा रकाना ठेवा, नंबराची सक्ती काढा, असं मी वर चार वेळा लिहिलं. ‘आपली सूचना नोंदविण्यात आली आहे’ असं उत्तर चार वेळा आलं. मी संगणकाच्या विरुद्ध नाही. आज गोंदियाच्या प्रयोगशाळेत त्याच्याशिवाय माझं पान हलत नाही. पण त्या सबंध उलथापालथीत एकालाही स्टुलावर बसलेल्या माणसाला विचारावंसं वाटलं नाही, आणि त्या न विचारणाऱ्यांत त्यांच्या सर्वांत जवळ मी उभी होते.

पटलेबाबू निवृत्त झाले, तरी दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, यायचे. आधी बिदाया करायचे, मग भाजी घ्यायचे. माझी बदली झाल्यावरही ते जात राहिले. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते खूप थकलेले दिसले. अंगणात खाटेवर बसले होते, शेजारी धान वाळत होतं, नलिनीनं पोहे आणून दिले. मी मनाशी ठरवूनच गेले होते. म्हटलं, “बाबू, तेव्हा जबाबात तुम्ही माझं नाव का नाही लिहिलं?” धानावर आलेल्या कोंबड्या त्यांनी हाकलल्या. मग म्हणाले, “मले एक मोठी बहीन होती मॅडम. फुलवंता.” इतकी वर्षं ज्यांच्या शेजारी काम केलं त्या माणसाला बहीण होती हे मला तेव्हा कळलं.

लहानपणापासून दर हिवाळ्यात फुलवंताचं अंग ठणकायचं, ती रात्रभर विव्हळायची. तेव्हा या आजाराचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा घरच्यांनी सासरी काही सांगितलं नाही. धाकट्या हिरालाललाही बजावलं, तोंड उघडू नको. त्यानं उघडलं नाही. पहिल्याच हिवाळ्यात ती आजारी पडली. नवी सून कामाचा कंटाळा करते असं सासरच्यांना वाटलं, आणि त्यातच ती गेली. “वाईट लोक नोयते ते,” पटलेबाबू म्हणाले. “तेयले माहीतच नोयतं. माहीत असनारा मी होतो, अन् मी चूप राह्यलो.” पुढं म्हणाले, “तिच्या मागं तिची सासू बारा वर्सं जगली. मी हरसाल ठरवत होतो, जाईन अन् सांगीन, का पोरगी कामचुकार नोयती. नाई गेलो. मंग सासूबी गेली... आता कोनाले सांगू?” मी म्हटलं, बाबू, माझं चुकलं. ते म्हणाले, “मले काऊन सांगता?” हे रागानं नाही, अगदी साधेपणानं विचारलं. निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, “जमलं त् एकदा सातवा खन पाहून घ्या मॅडम.” मला वाटलं, कपाटाची नेहमीची काळजी. हो म्हटलं आणि विसरले. की विसरण्याचं सोंग केलं, हे आता मलाही सांगता येणार नाही.

तो एकवीस दिवसांनी आलेला निरोप फोनवर वाचला आणि दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकून जुन्या रुग्णालयात गेले. प्रयोगशाळेत आता नवी मुलगी आहे. तिनं कपाट काढलेलं नाही. “बाबूंनी मला खण शिकवले,” ती म्हणाली. सातवा खण सरिताच्या सासरच्या गावाचा. तो ओढायला लागले तर नेहमीसारखा अडकला. तिचं लाल कार्ड नेमकं घराच्या खुणेवर होतं. त्यांनी तिची बिदाई मागाहून केली होती. शेजारी तिच्या तीन वर्षांच्या मुलीचं पिवळं कार्ड होतं. त्या बाळंतपणाला मात्र तिला पहिल्या महिन्यापासून गोंदियाला पाठवलं गेलं होतं. मी लाल कार्ड उलटलं. मागं निळ्या शाईत, त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘बाळ गेले. नोंद आमची चुकली. घरच्यांना सांगणे बाकी.’ त्याखाली पुढच्या वर्षी : ‘बाकी.’ त्याखाली : ‘बाकी.’ असं सहा वेळा. शेवटचं अक्षर हललेलं होतं, दिवाळीनंतरचं असावं.

मी तशीच एसटीत बसले. सातवा थांबा. सरिता घराच्या ओसरीवर मुलीची वेणी घालत होती. तिनं मला लगेच ओळखलं, पाणी दिलं, खाली बसायला पोतं टाकलं. मी सगळं सांगितलं. दोन सरिता, एक नंबर, किल्ली, ‘नॉर्मल’ म्हणून ओरडले ते, ती लाल कागद म्हणाली ते. म्हटलं, तुझ्या नशिबाचं काही नव्हतं, माझं चुकलं. ती मान खाली घालून वेणी घालत राहिली. वेणी पुरी झाली, रिबीन बांधून झाली, पोर खेळायला पळाली. मग म्हणाली, “बाबू हरसाल येत होते. म्हनत, तुह्या कार्डावर एक गोष्ट बाकी हाये बाई, पन ते मायी नोय, ज्याची हाये तेच येतीन.” आणि पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. “सासू मरेपर्यंत मलेच म्हने, तुनंच रोवणीत वाकून लेकरू घालवलं... मॅडम, तुमाले यायले एवढी सालं काऊन लागली?”

तिनं मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण तिनं तसं म्हटलं नाही. एसटीची वेळ झाल्यावर थांब्यापर्यंत आली, एवढंच. रुग्णालयात परत येऊन मी त्या नव्या मुलीकडून निळ्या शाईचं पेन मागून घेतलं आणि सहाव्या ‘बाकी’च्या खाली लिहिलं : ‘सांगितले.’ खाली सही केली, प्रमाणपत्रावर केली होती तशी पूर्ण नावाची. कार्ड त्याच्या घरात ठेवलं. खण पुन्हा अडकला. मी खालून अंगठ्यानं जरासा उचलला, तळहातानं ढकलला, आणि तो आत गेला.